'त्यांची रीत आहे' म्हटलं की प्रश्न संपतो का?

एका वाचक ताईंनी सल्ला विचारणारं पत्र पाठवलंय. ते थोडक्यात असं आहे. ताईंचं वय ४६, नोकरी पुण्यात, माहेर तालुक्याजवळच्या एका गावात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भावाच्या मुलीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तेव्हापासून जातीच्या पंचांनी भावाचं घर वाळीत टाकलं आहे. 'जातीत परत यायचं' असेल तर दंड भरून पंचांसमोर माफी मागावी लागेल, असा निरोप आहे. पुढच्या महिन्यात चुलतभावाच्या मुलाचं लग्न आहे. पत्रिकेत निमंत्रक म्हणून ताईंचं आणि त्यांच्या पतींचं नाव घालायचं ठरलंय, सख्ख्या भावाचं मात्र नाही.

ताईंना हे चुकीचं वाटतं. पती म्हणतात, "प्रत्येक समाजाची रीत असते, चूक-बरोबर ठरवणारे आपण कोण?" कॉलेजात तत्त्वज्ञान शिकणारी १९ वर्षांची मुलगी म्हणते, "आई, तुला चुकीचं वाटतं म्हणजे तुला ते आवडत नाही, एवढंच. नैतिकता सापेक्ष असते." आणि ताईंची खरी अडचण शेवटच्या परिच्छेदात आहे: दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांची देवावरची श्रद्धा गेली. 'देवाला हे मान्य नाही' असं त्या म्हणू शकत नाहीत. मग कशाच्या जोरावर बोलायचं?

ताई, पतींचा प्रश्न, मुलीचा प्रश्न आणि तुमचा स्वतःचा प्रश्न हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र आल्यामुळे तुम्हाला पायाखाली काहीच नाही असं वाटतंय. एकेक सुटा करून पाहू.

पतींच्या म्हणण्यातला एक भाग निर्विवाद खरा आहे: माणसांच्या रीती वेगळ्या असतात. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं एक हकीकत लिहून ठेवली आहे. इराणचा सम्राट दारयवहू यानं दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर तुम्ही मेलेल्या वडिलांना खाल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग वडिलांचं प्रेत खाण्याची रीत असलेल्या एका भारतीय जमातीच्या लोकांना त्यानं विचारलं, किती दिले तर वडिलांना जाळाल? ते ओरडलेच, असलं अभद्र बोलू नका म्हणून. ज्याला त्याला आपली रीत श्रेष्ठ वाटते, हा हेरोडोटसचा निष्कर्ष.

पण त्याच हकीकतीत दुसरीही गोष्ट दिसते. वडिलांच्या देहाची विटंबना होऊ नये, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. विटंबना कशानं होते, एवढ्यावरच मतभेद आहे. आपल्याकडेही हिंदू दहन करतात, लिंगायत दफन करतात, आणि अग्नी व भूमी अपवित्र होऊ नये म्हणून पारशी पूर्वापार दोखम्यात, म्हणजे उघड्या मनोऱ्यात, देह ठेवत आले. वागणं तीन तऱ्हांचं, त्यामागची काळजी एकच. म्हणून 'रीत वेगळी' हे ऐकल्याबरोबर 'मूल्यं वेगळी' असं धरून चालू नये. आधी विचारावं: फरक मूल्यात आहे, समजुतीत आहे, की नुसत्या पद्धतीत?

आता वाळीत टाकण्याकडे या. माणसाला एकटं पाडणं वाईट, याबद्दल पंचांचं आणि तुमचं मत वेगळं आहे का? अजिबात नाही. एकटं पडणं भयंकर असतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर त्यांनी ही शिक्षा निवडली. मयताला खांदा द्यायला कोणी येणार नाही, किराणा उधार मिळणार नाही, दुसऱ्या मुलीला स्थळ येणार नाही, ही भीती सगळ्यांना सारखीच वाटते आणि शिक्षेची सगळी ताकद त्या भीतीतच आहे. तेव्हा 'त्यांच्या संस्कृतीत याला त्रास समजत नाहीत' हा बचाव इथे लागूच होत नाही. मतभेद उरतो तो एवढाच: एका सज्ञान मुलीनं स्वतःचा नवरा निवडला, म्हणून तिच्या आईबापांना हा त्रास देण्याचा अधिकार कोणाला आहे का?

'त्यांची रीत' मधले 'ते' कोण, हेही पतींना विचारा. तुमचा भाऊ त्याच समाजाचा, त्याची मुलगीही. रीत ठरवताना त्यांना कोणी विचारलं होतं? सापेक्षतावाद, म्हणजे 'चूक-बरोबर ज्या त्या समाजापुरतं' हे मत, बोलताना आपण समाजाला एक तोंड आहे असं धरतो आणि ते तोंड हमखास पंचांचं निघतं. समाजाच्या आतच दोन मतं असताना त्यातलं बलवान मत उचलून 'ही त्यांची संस्कृती' म्हणणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे. त्यात बाजू घेतली गेलेली असते.

मात्र 'आपण कोण' या शब्दांत एक रास्त शंकाही आहे, ती झटकू नका. 'हे चूक आहे का?' हा एक प्रश्न आणि 'यात मी पडावं का, पडायचं तर कसं?' हा वेगळा. १८९१ चं संमतिवयाचं बिल आठवा. त्याच्या थोडं आधी कलकत्त्यात फुलमणी नावाची बालवधू नवऱ्याच्या जबरदस्तीनं मरण पावली. त्यानंतर मुलीच्या शरीरसंबंधासाठीचं संमतीचं वय १० वरून १२ करणारा कायदा आला. आगरकरांनी त्याला पाठिंबा दिला, टिळकांनी कडाडून विरोध केला. टिळकांच्या विरोधाचा मोठा भाग परक्या सरकारनं आपल्या समाजात कायद्यानं ढवळाढवळ करू नये, सुधारणा आतून व्हावी, असा होता. म्हणजे तो दुसऱ्या प्रश्नावरचा विरोध होता. तो कोणाला पटो न पटो, त्यावरून 'दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत जे झालं ते चूक नव्हतं' असं सिद्ध होत नाही. सापेक्षतावादात जी नम्रता आहे तिची जागा दुसऱ्या प्रश्नात आहे: घाई करू नये, पूर्ण माहिती घ्यावी, ज्याला परिणाम भोगायचे त्याला विचारावं. पहिल्या प्रश्नावर गप्प बसण्यासाठी ती नम्रता वापरली की तिचा आडोसा होतो.

विद्वानांचीही इथे फसगत झाली आहे. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना, १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं निवेदन काढलं की मूल्यं ज्या त्या संस्कृतीपुरती असतात, सगळ्या जगाला एक माप लावू नका. हेतू चांगला होता, वसाहतवाल्यांच्या अरेरावीला त्यांना आळा घालायचा होता. पण नाझी राजवट पडून जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि मग तिला कोणत्या मापानं दोष द्यायचा, हा प्रश्न त्याच क्षेत्रातल्या लोकांनी विचारला. १९९९ मध्ये त्याच संघटनेनं मानवी हक्कांच्या बाजूनं जाहीर भूमिका घेतली. शिवाय 'सर्वांच्या रीतींचा आदर करा' हा आदेश स्वतःच सर्वांना लागू करायचा आहे. तो सापेक्ष ठरवला, तर आदर न करणाऱ्या समाजाला काही म्हणता येत नाही.

हे हक्कबिक्क पाश्चात्त्य आहेत, असंही घरात कोणी म्हणेल. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आधी 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते. त्याजागी 'सर्व मानव' आणण्याचं श्रेय हंसा मेहता यांना दिलं जातं, आणि त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. १० डिसेंबर १९४८ च्या मतदानात ४८ देश बाजूनं होते, विरोधात एकही नाही, आठ तटस्थ. तटस्थांत वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होती. 'आमची रीत' हा युक्तिवाद कोणाच्या सोयीचा असतो, ते यावरून कळावं.

आता तुमच्या मुलीचं म्हणणं. तिला गप्प करू नका, ती नेमका प्रश्न विचारतेय. तिला सांगा: मला भेंडी आवडत नाही, तुला आवडते, इथे कारणं द्यायची गरज नाही आणि दिली तरी कोणी मत बदलत नाही. पण 'हे अन्यायाचं आहे' असं म्हटलं की समोरचा 'का?' विचारू शकतो, मला कारण द्यावं लागतं, ते कारण माझ्यावरही उलटू शकतं आणि चूक दाखवली तर मला मागे यावं लागतं. ज्या गोष्टीत चुकता येतं आणि सुधारता येतं, ती नुसती आवड नसते. नैतिक सत्य डोंगरासारखं बाहेर कुठे उभं आहे का, यावर तत्त्वज्ञांत अजून वाद आहे आणि तुमच्या मुलीनं तो जरूर शिकावा. पण कारणांची देवघेव करायला तो वाद मिटण्याची वाट बघावी लागत नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी जे भाषण लिहिलं (परिषद रद्द झाल्यानं ते देताच आलं नाही) त्यात नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम सांगतो, अमुक कर. तत्त्व न्यायनिवाडा करण्याची दृष्टी देतं आणि वागणाऱ्याला जबाबदार धरतं. मुलीच्या 'सापेक्ष' शब्दात बहुतेक नियम येतात. तत्त्वांबद्दल तिला वेगळं बोलावं लागेल.

आणि तुमचा प्रश्न, ताई. देव गेला तर पाया गेला, हे तुम्ही गृहीत धरलंय. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो: देवांना आवडतं म्हणून एखादी गोष्ट पवित्र, की ती पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? पहिलं मानलं तर उद्या देवानं वाळीत टाकायला सांगितलं की तेही चांगलं ठरतं. दुसरं मानलं तर चांगुलपणाचं कारण देवाच्या आवडीबाहेर आहे, आणि ते आस्तिकाइतकंच तुम्हालाही शोधता येतं. म्हणजे श्रद्धा होती तेव्हाही हे काम तुमच्यावरच होतं. तुमच्या गावचे पंचही सगळं देवाला स्मरूनच करत असणार.

आपल्याच इतिहासात बघा. जोतीराव फुले निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, मानत. न्यायमूर्ती रानडे प्रार्थना समाजाचे, ईश्वरभक्त. आगरकर अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे. जगाचं मूळ काय, यावर तिघांचं जमलं नसतं. विधवेचं केशवपन अमानुष आहे, यावर तिघांचंही एकमत होतं. पाया वेगळा असून निर्णय एक येतो, कारण तिघांनीही पाहिलं ते त्या बाईकडे. तुकोबांनीही पुण्याची व्याख्या परोपकार आणि पापाची परपीडा अशीच केली. ती समजायला विठ्ठलावर श्रद्धा असावीच लागते असं नाही.

निधर्मी नीतीचा एकच अढळ पाया मिळेल, ही आशा मात्र सोडा. जे पाये सुचवले गेले त्यातल्या प्रत्येकात खोट आहे. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमचं माप एकूण सुख-दुःखाचं. ते दुःखाची दखल घ्यायला भाग पाडतं, पण शंभर घरांची छोटी सोय एका घराच्या मोठ्या छळावर मात करू शकते. 'गावात शांतता राहते ना' हा युक्तिवाद त्याच फटीतून आत येतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटचं सूत्र १७८५ चं: माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वापरू नका. ते ती फट बुजवतं, पण दोन कर्तव्यं एकमेकांना भिडली की अडखळतं. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सची १९७१ ची युक्ती अशी की आपण समाजात कोणाच्या पोटी, कोणत्या जागी जन्मणार हे माहीत नसताना नियम ठरवा. ती पक्षपात उघडा पाडायला फार चांगली, पण जनावरं आणि मतिमंद माणसं यांचं काय, हे तिला नीट सांगता येत नाही. सहानुभूती सगळ्यांत जवळची आणि सगळ्यांत तोकडी, कारण ती ओळखीच्यांपाशी थांबते. निसर्गात किंवा परंपरेत 'असं असतं' यावरून 'असं असावं' निघत नाही, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमनं अठराव्या शतकातच दाखवलंय. ते 'पूर्वापार चालत आलंय' म्हणणाऱ्यांना लागू आहे, तसंच उत्क्रांतीतून सरळ नीती काढू पाहणाऱ्या आपल्या नास्तिक मित्रांनाही.

म्हणून यातला एकच पाया निवडू नका, सगळ्यांच्या कसोट्या वापरा. कोणाला किती आणि किती काळ त्रास होतो? कोणाला इतरांवर धाक बसवण्यासाठी वापरलं जातंय का? मी त्या घरात जन्मले असते तर हा नियम मान्य केला असता का? हा निर्णय ज्याला भोगायचा, त्याच्या तोंडावर मला तो कारणासह सांगता येईल का? सगळ्या कसोट्या एकाच दिशेनं बोट दाखवत असतील तर ठामपणे बोला. फाटे फुटले तर आवाज खाली आणा. इच्छामरणाचा प्रश्न घ्या. हल्ल्यानंतर अनेक वर्षं भान हरपून अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका बाजूला त्यांच्या यातनांचा विचार होता. दुसऱ्या बाजूला, अनेक वर्षं जिवापाड सेवा करणाऱ्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. तिथे समंजस माणसं दोन्हीकडे असू शकतात. वाळीत टाकण्यात तसं नाही. चारही कसोट्या एकच उत्तर देतात, आणि इतका स्पष्ट निकाल फार थोड्या प्रश्नांत मिळतो.

आता लग्नाचं. पहिला फोन भावाला करा, चुलतभावाला नंतर. पुण्यात बसून तुम्ही तत्त्व पाळणार आणि त्याचा राग गावात भावाच्या घरावर निघणार, असं होऊ शकतं. 'मी पत्रिकेतून नाव काढून घेतलं तर तुझ्यावर काय येईल?' हे त्याला सरळ विचारा. त्याची हरकत नसेल तर चुलतभावाला, पत्रिका छापायला जाण्याआधी, एवढंच सांगा: "पोराला आशीर्वाद आहेतच. दादाचं नाव असेल तर माझंही घाला, नसेल तर माझंही नको." भाषण नको, घरच्या ग्रुपवर मेसेज नको. ग्रुपवर टाकलं की चुलतभावाला चार लोकांसमोर ताठ राहावं लागतं. एकट्याशी बोललात तर त्याला वाकायला जागा राहते. तोही बहुधा घाबरलेला असेल, कारण वाळीत टाकलेल्याशी संबंध ठेवणाऱ्यालाही दंड लावण्याची पद्धत असते.

नाव काढून लग्नाला न जाणं म्हणजे आपणही बहिष्कारच नाही का, ही शंका मनात येईल. तुम्ही स्वतःपुरतं, कारण सांगून, एका समारंभाला नाही म्हणताय. इतरांना जाऊ नका म्हणत नाही, धाक घालत नाही, नवरानवरीशी संबंध तोडत नाही. लग्नानंतर त्या दोघांना घरी जेवायला बोलवा, म्हणजे हा फरक त्यांनाही दिसेल. आणि भाऊ म्हणाला 'तू जा, माझ्यासाठी वाईटपणा घेऊ नकोस', तर जाणं चूक नाही. पण नाव छापू देऊ नका. हजर राहणं हे नातं झालं, निमंत्रक म्हणून नाव देणं म्हणजे त्या वगळण्यावर सही झाली.

कायदा तुमच्या भावाच्या बाजूनं आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ मध्ये. लग्न, अंत्यविधी, देवस्थान, सार्वजनिक सोयी यांपासून रोखणं, संबंध तोडायला लावणं हे सगळं त्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मदत करणाराही दोषी. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही, म्हणजे आरोपी लगेच गावात परत येतील हे धरूनच तयारी करावी. याआधी मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला, आणि तो निकाल २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे फेरविचारासाठी सोपवला गेला. सध्याचा कायदा वेगळा आहे आणि अंमलात आहे.

तक्रारी बहुतेकदा एकाच जागी ढिल्या पडतात: 'समाजानं वाळीत टाकलं' असं मोघम लिहिलं जातं. त्याऐवजी कोणत्या तारखेला, कोणाच्या ओसरीवर किंवा कोणत्या देवळात बैठक झाली, कोण बसलं होतं, कोण काय बोललं, दंडाची रक्कम कोणी सांगितली, त्यानंतर कोणत्या दुकानानं, कोणत्या कार्यात अडवलं, हे नावानिशी लिहावं. फोनवरचे निरोप, ग्रुपवरचे मेसेज, ज्या कार्यांतून वगळलं त्या पत्रिका, सगळं जपून ठेवावं आणि दुसऱ्या फोनवर प्रत ठेवावी. पोलीस 'घरगुती वाद' म्हणून परत पाठवू लागले तर अर्जातच कायद्याचं नाव घालावं आणि पोच घ्यावी. थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवताहेत, तालुक्याच्या शाखेतून सोबतीला माणूस मिळू शकतो. दंड भरू नये. भरला की त्या अधिकाराला मान्यता मिळते आणि पुढच्या घराचा दर ठरतो. भरलाच असेल तर कोणाला, कधी, कोणासमोर दिला, ते लिहून ठेवावं.

तक्रार करायची की नाही, हे मात्र भावानं, वहिनीनं आणि त्यांच्या मुलीनं ठरवायचं. गावात त्यांनाच राहायचंय. तुम्ही कागद तयार करून द्या, वकिलाची फी उचला, आणि त्यांनी 'आत्ता नको' म्हटलं तर ते ऐका. तोवर महिन्यातून एकदा माहेरी मुक्कामाला जा. शक्य असेल तेव्हा पतींना आणि मुलीला बरोबर न्या. दळण कुठून येतं, आजारपणात दवाखान्यात कोण नेतं, हे त्यांना तिथे राहूनच कळेल. सणाला भावाच्या ओसरीवर तुमची चपला-माणसं दिसू द्या. शेजारच्या दोन-तीन घरांना मनातून बोलायचंच असतं, पण पहिलं कोणी होत नाही. त्यांच्याकडे तुम्ही स्वतः जा, वहिनीला बरोबर घेऊन.